कर्करोगाचे संशोधन कोणी करावयाचे?

(पालघर येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला कर्करोग ह्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, ह्याबद्दल मी मंडळाची ऋणी आहे. मी वैद्य नव्हे. बोईसरच्या परिसरात पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले, एवढाच माझा अधिकार. म्हणून रोगाची लक्षणे आणि उपचार सांगण्याचे काम डॉक्टरमंडळींकडे ठेवून मी आज एक वेगळा प्रश्न आपणांपुढे मांडणार आहे. ह्या रोगाचा शोध घेणारी जी माणसे असतात, ती कोण असावीत? त्यांच्या संस्थांत सभासद म्हणून कोणाला जागा मिळते, आणि कोणाला मिळत नाही? प्रथमदर्शनी हा प्रश्न आपल्या संमेलनाच्या बाहेरचा वाटेल. तो तसा नाही, हे सांगण्यासाठी मी घरातील एका गोष्टीपासून आरंभ करते.

माझ्या आत्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस एक जखम झाली आणि ती भरेना. दाढ लागत असेल म्हणून दाढ काढली. जखम तशीच राहिली. पुढे एका दवाखान्यात नेले. तेथे कागद भरून घेणाऱ्या गृहस्थांनी विचारले, "तंबाखू खाता का?" आत्या म्हणाल्या, "नाही." त्यांनी तसे लिहून घेतले, आणि तोंडाला लावावयाचे औषध घेऊन आम्ही परत आलो. ह्यात सहा महिने गेले. दुसऱ्या एका रुग्णालयात गेलो, तेथे एका तरुण परिचारिकेने आत्यांच्या दातांकडे पाहिले आणि विचारले, "मावशी, मशेरी लावता का?" आत्या म्हणाल्या, "लावते की. सकाळी, दुपारी आणि निजताना." मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, परंतु आत्यांच्या लेखी तंबाखू खाणे हे व्यसन आणि मशेरी लावणे हे दात घासणे. त्या खोटे बोलल्या नव्हत्या आणि लिहून घेणाऱ्यानेही कामात कसूर केली नव्हती. त्याला फक्त तो शब्द ठाऊक नव्हता. त्या मुलीच्या घरी तिची आई मशेरी लावीत असे, म्हणून तिला प्रश्न सुचला. त्याच दिवशी तुकडा काढून तपासणीस पाठविला. उपचार झाले, पण वेळ निघून गेली होती. दीड वर्षाने आत्या वारल्या.

ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो. विज्ञानाच्या प्रांतातही ही म्हण खरी ठरते, आणि ह्याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडलेले आहे.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे विकृतिशास्त्राचे काम पाहण्यासाठी डॉ. वसंत रामजी खानोलकर आले. त्यांनी १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता लोकांच्या रूढी आणि कर्करोग. धोतर वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घट्ट आवळून नेसल्यामुळे तेथील कातडी घासली जाते, तिचा रंग जातो, व्रण होतो, आणि क्वचित त्या व्रणाचा कर्करोग होतो, हे त्या निबंधात दाखविले होते. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही परकराच्या नाडीमुळे असाच रोग झाल्याचे नोंदले गेले. हा रोग विरळा आहे. कोणी घाबरून जाऊ नये, नाडी सैल बांधावी आणि जागा बदलीत जावी इतकेच. मला येथे निराळे सांगावयाचे आहे. लंडनच्या प्रयोगशाळेत कितीही थोर विद्वान बसलेला असता, तरी हा प्रश्न त्याला सुचला नसता. धोतर कोठे आणि कसे आवळतात हे धोतर पाहत वाढलेल्या माणसालाच ठाऊक. संशोधकाची बुद्धी सर्व देशांत सारखी असू शकते, परंतु त्याने काय पाहिले आहे हे सारखे नसते. आणि म्हणून नाना तऱ्हेचे आयुष्य पाहिलेली माणसे शास्त्रज्ञांच्या मंडळीत असणे हा त्या माणसांवर केलेला उपकार नव्हे. ती शास्त्राची गरज आहे.

१९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या एक बाई होत्या, डॉ. कमल रणदिवे. पुण्याच्या समर्थ घराण्यात १९१७ साली त्यांचा जन्म झाला. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथे जाऊन शरीरातील पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र त्या शिकल्या, आणि परत येऊन त्यांनी आपल्या देशातील अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता ह्यांचा संबंध ओळखणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

परंतु आजच्या माझ्या विषयाला धरून त्यांचे जे कार्य आहे, ते प्रयोगशाळेबाहेरचे. १९७३ साली त्यांनी आपल्या अकरा सहकाऱ्यांसह भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची एक संघटना स्थापन केली. विद्वानांची संघटना म्हटली की वार्षिक अधिवेशन, निबंधवाचन आणि ठराव, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. ह्या संघटनेने वाशीला आपल्या वास्तूत नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह चालविले आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालविले. ह्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. सभासदत्वाच्या नियमांत 'स्त्रियांस मज्जाव' असे कोठेच लिहिलेले नसते. पण दार उघडे असणे एक, आणि त्या दारापर्यंत पोचता येणे दुसरे. ज्या मुलीला मुंबईत रात्री टेकावयास जागा नाही आणि जिच्या तान्ह्याला सांभाळणारे कोणी नाही, तिच्यासाठी उघडे दारही बंदच असते. कमलाबाईंनी निवृत्तीनंतर नगर जिल्ह्यात राजूरच्या बाजूस आदिवासी मुलांच्या कुपोषणाच्या प्रश्नावर काम केले. आपल्या जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचा जो प्रश्न, तोच तेथला.

आता थोडे परदेशाकडे पाहू. कमलाबाई बाल्टिमोरच्या ज्या प्रयोगशाळेत शिकल्या, त्याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी वाढविण्यात आल्या. ती कर्करोगाने वारली; तिच्या पेशी मात्र आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत आणि असंख्य शोध त्यांच्यावर झाले आहेत. त्या पेशी ठेवून घेताना तिची संमती कोणी विचारली नव्हती, आणि तिच्या मुलांना ही हकीकत कळली ती सुमारे वीस वर्षांनी. २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या कुटुंबाशी करार केला. तिच्या पेशींतील आनुवंशिक माहिती कोणा संशोधकास द्यावी, हे ठरविणाऱ्या समितीवर त्या कुटुंबातील माणसे घेतली गेली. पेशी देणाऱ्यांना निर्णयाच्या मेजाभोवती जागा मिळण्यास बासष्ट वर्षे लागली.

त्याच देशातील दुसरी हकीकत अशी. १९०७ साली अकरा डॉक्टर-शास्त्रज्ञांनी तेथे कर्करोग संशोधकांची संस्था काढली. आज त्या संस्थेत स्त्री-संशोधकांचे आणि अल्पसंख्य समाजांतील संशोधकांचे स्वतंत्र मंडळ आहे. १९६४ साली कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची आणखी एक संस्था निघाली. तिच्या सात संस्थापकांत एकच स्त्री होती, आणि ती कृष्णवर्णीय होती. तिचे नाव डॉ. जेन राइट. औषधांनी कर्करोग हटविण्याच्या शास्त्रात तिचे काम फार मोठे आहे.

ह्या संस्थेचे नाव घेण्याचे कारण असे की, २०१३ साली शिकागोला तिच्या वार्षिक अधिवेशनात, मुख्य सभेत, आपल्या मुंबईचा एक निबंध वाचला गेला. टाटा स्मारकाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांत एक अभ्यास सुरू केला होता. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर कळावा म्हणून तेथे सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील व्हिनेगरमध्ये असते तेच, लावून तपासणी करीत. दोषी भाग पांढरा दिसतो. आता तपासणी करणाऱ्या कोण होत्या? दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया. त्यांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन तयार केले होते. वस्तीतील बायका त्यांच्याशी मोकळेपणाने बोलल्या, पुरुष डॉक्टरापुढे ज्या गोष्टी तोंडातून निघाल्या नसत्या त्या त्यांना सांगितल्या. बारा वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत ह्या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दहावी झालेल्या बायकांच्या हातचे काम जगातील मोठमोठ्या कर्करोगतज्ज्ञांनी शिकागोत बसून ऐकले.

ह्या अभ्यासावर टीकाही झाली, ती आपणांपासून लपवू नये. तुलनेसाठी जो दुसरा गट ठेवला होता, त्यातील स्त्रियांना रोगाची माहिती दिली, परंतु तशी तपासणी त्यांच्या दारी नेली नाही. देशात त्या वेळी अशी तपासणी कोठेच सरसकट होत नव्हती, म्हणून आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही, हे संशोधकांचे उत्तर. टीकाकारांना ते पटले नाही. दोन्ही बाजूंत विद्वान आहेत. मी न्याय देणारी कोण? मला इतकेच वाटते की, असा अभ्यास आखला जात असताना त्या वस्तीतील एखादी शहाणी स्त्री तेथे बसलेली असावी आणि तिचे मत विचारले जावे. आपल्या देशात संशोधनाला संमती देणाऱ्या नीतिसमित्यांवर सामान्य नागरिकासाठी जागा ठेवलेली असते. आपल्यातील निवृत्त शिक्षकांनी, वकिलांनी, परिचारिकांनी अशा जागा मागून घ्याव्यात.

आता मी आपल्या किनाऱ्याकडे येते. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली सुरू झाले. ते आणि परळचे टाटा स्मारक एकाच खात्याच्या छत्राखाली आहेत, ही गोष्ट आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल. १९६२ साली परळच्या दोन्ही संस्था अणुऊर्जा खात्याकडे गेल्या आणि १९६६ साली त्यांचे एक केंद्र झाले. पुढे तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे आपल्या जागेवरून हलली. शेजारी औद्योगिक वसाहत वाढली. तेथे रसायनांचे, लोखंडाचे, कापडाचे कारखाने आले. गावात कोणाला कर्करोग झाला की लोक कुजबुजतात, हे केंद्रामुळे झाले, ते कारखान्यामुळे झाले. दुसरे म्हणतात, छे, सर्व काही ठीक आहे. कुजबुजीने रोग सिद्ध होत नाही आणि आश्वासनाने तो नाहीसाही होत नाही. त्याला उत्तर एकच, मोजणे. मुंबईत १९६३ साली कर्करोगाच्या रुग्णांची पद्धतशीर नोंदणी सुरू झाली, आणि बार्शीसारख्या ग्रामीण भागात १९८७ साली. तेव्हापासून तेथे बोलणे आकड्यांनी होते. हे आकडे आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी गावोगाव जाऊन विचारतो, कोणाचे गाव हललेले, कोण मजुरीसाठी वसईकडे गेलेला, कोण माहेरी येऊन वारली, हे समजून घेतो आणि लिहितो. आज आशासेविका घरोघर जाऊन तीस वर्षांवरील माणसांचे तक्ते भरतात. त्या तक्त्यातील 'तंबाखू' ह्या शब्दाचा अर्थ मशेरी असाही होतो, हे भरणाऱ्या बाईला ठाऊक असले तरच तो तक्ता खरा. माझ्या आत्यांचा पहिला कागद खोटा होता.

आपल्या जिल्ह्यात एक तृतीयांशाहून अधिक वस्ती आदिवासी बांधवांची आहे. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी ह्यांच्या घरांतील अन्न, सवयी, व्यसने आणि लाज ह्यांविषयी आपल्याला तरी किती ठाऊक आहे? तेथून शिकून आलेली मुलगी जो प्रश्न विचारील, तो मला सुचणार नाही आणि तुम्हांलाही सुचणार नाही.

येथे एखादे वडीलधारे गृहस्थ मला विचारतील, "बाई, तुम्ही संशोधकांच्या संस्थांना दारे उघडा म्हणून सांगता; आपली संस्था तर जन्मावर सभासदत्व देते. मग?" हा प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. ज्ञातिसंस्था ही व्यवसायाची संस्था नव्हे. आपल्या पूर्वजांनी ती काढली तेव्हा वाडीत राबणाऱ्याच्या मुलाला पुस्तके घेऊन देणारे दुसरे कोणी नव्हते. माझी स्वतःची पुस्तके ह्याच निधीतून आली, हे मी कशी विसरेन? तथापि जी संस्था माणसाला दारापर्यंत पोचविण्यासाठी निघाली, तिने आपल्या उंबरठ्यावर कोण अडखळते आहे, हेही अधूनमधून पाहावे. म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी तीन सूचना लेखी दिल्या आहेत. आज त्यांचा अर्थ सांगते.

पहिली सूचना शिष्यवृत्तीविषयी. आपला निधी आजवर बहुतांशी डॉक्टर आणि इंजिनियर होणाऱ्या मुलांकडे गेला. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, किरणोपचाराचे तंत्रज्ञ, परिचारिका, नोंदणीचे काम करणारे, ह्यांच्या शिक्षणालाही त्यातून मदत मिळावी, आणि मुलींना वसतिगृहाचा खर्च वेगळा मिळावा. पुस्तकाचे पैसे दिले आणि राहण्याची सोय झाली नाही, तर मुलगी घरीच राहते. बोईसरहून परळ शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटेच्या गाडीने जाऊन रात्री परतणाऱ्या मुली आपल्या गावांत आहेत, त्यांना विचारा.

दुसरी सूचना नोंदवहीविषयी. ज्ञातीबाहेर लग्न केलेल्या मुलीचे नाव आपण सभासदांच्या नोंदवहीतून काढतो. मुलाने तसे लग्न केले तर त्याचे नाव राहते. ज्या मुली पुढे शिकतात, संशोधनाला जातात, त्यांचीच अशी लग्ने अधिक होतात. म्हणजे ज्या मुलीला आपण शिकविले, ती धाकट्यांना वाट दाखविण्याजोगी झाली की त्याच वेळी आपण तिला परकी ठरवितो. तिचे नाव राहू द्यावे, एवढेच माझे मागणे.

तिसरी सूचना सर्वांत अवघड आहे. दरवर्षी एक शिष्यवृत्ती, एकच, आपल्या ज्ञातीबाहेरच्या, जव्हार, मोखाडा किंवा विक्रमगडकडील आदिवासी मुलीला आरोग्यशास्त्राच्या शिक्षणासाठी द्यावी. "ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का?" असे विचारले जाईल. आपल्यातही गरीब आहेत, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी एकच मागते. परंतु एका गोष्टीचे स्मरण करून देते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजी वारले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून परळचे रुग्णालय उभे राहिले. पैसा एका पारशी घराण्याचा. आज ह्या सभागृहात अशी किती घरे आहेत, ज्यांचे कोणी ना कोणी त्या दारातून आत गेलेले नाही? त्या दारावर आपली ज्ञाती कोणी विचारली नाही.

आणि आमच्या आत्यांना मशेरीविषयी विचारणारी ती परिचारिका कोणत्या ज्ञातीची होती, हे आम्हीही आजवर विचारलेले नाही. ती सहा महिने आधी भेटली असती, तर कदाचित आत्या आज पुढच्या रांगेत बसून, मी किती वेळ बोलते म्हणून कुरकुरत असत्या.

सूचनांवर उद्या सकाळी मतदान आहे. ज्यांना त्या पटत नाहीत त्यांनीही अवश्य यावे आणि आपले म्हणणे मांडावे. विशेषतः भगिनींनी स्वयंपाकाच्या व्यवस्थेत न अडकता सभेत येऊन बसावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे.